लाल वाटीची बुरशी : कलमांना धोका आहे का?



मागच्या पावसाळ्यात एक काजू बागायतदार केळीच्या पानात काहीतरी गुंडाळून माझ्याकडे आले. उघडून बघतो तर लाल रंगाच्या, नखाएवढ्या चार वाट्या. "साहेब, कलमांना हा कसला रोग? बोर्डो मारू ना?" फवारणीचा पंपसुद्धा ठरवून आले होते. मी विचारलं, "काका, हे मिळालं कुठं?" तर म्हणाले, "गडग्यापलीकडं, रानात पडलेल्या फांदीवर."

इथंच निम्मं उत्तर मिळालं. ही वाटीसारखी बुरशी मेलेल्या, ओल्या लाकडावर जगते. जिवंत झाडाला ती लागत नाही. सह्याद्रीच्या रानात पावसाळ्यात हिचे दोन प्रकार दिसतात. वाटीला बारीक देठ आणि कडेला लव असेल, रंग गुलाबी-नारिंगी असेल, तर ती कुकेना. देठ जवळजवळ नसेल आणि आतून गडद लाल असेल, तर ती फिलिप्सिया. कधीकधी वाटीवर हलकी फुंकर मारली तर धुरासारखं काही उडतं; ते तिचं बी म्हणजे बीजाणू. दोन्ही लाकूड कुजवून त्याची माती करतात. तिच्यावर मोरचूद खर्च करू नका.

काळजी करायची ती दुसऱ्याच बुरशीची. काजू, आंबा, फणस यांच्या जिवंत फांदीवर पावसाळ्यात आधी पांढरे रेशमी धागे आणि मग गुलाबी पापुद्रा दिसला, तर तो गुलाबी रोग समजा. यात वाटी नसते. रंग सालीवर लिंपल्यासारखा असतो. पुढं साल तडकते आणि फांदी शेंड्याकडून वाळते. अशी फांदी रोगट भागाच्या खाली, चांगल्या लाकडात कापा आणि जाळून टाका. कापावर बोर्डो पेस्ट लावा : १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात भिजवा, लोखंडी बादलीत नको.

मुलं या लाल वाट्या खेळायला घेतात. हाताळल्यानं काही होत नाही, पण तोंडात घालू देऊ नका. लसूण काळी पडली तर अळंबी विषारी, नाहीतर चांगली, हा समज खोटा आहे. त्यावर विसंबून रानातलं काही शिजवू नका.

नमुना दाखवायला आणाल तेव्हा लाकडाच्या तुकड्यासकट, कागदात गुंडाळून आणा. आणि फांदी जिवंत होती की पडलेली, तेवढं बघून या.