मागेल त्याला काम : वेशीच्या आत आणि बाहेर



घोडबंदरचा किल्ला पोर्तुगिजांनी उभारला आणि 1737 च्या मोहिमेत तो मराठ्यांच्या हाती आला, हा इतिहास येथील शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. या किल्ल्यापासून थोड्याच अंतरावर मुंबई-अहमदाबाद महामार्ग वरसावे पुलावरून खाडी ओलांडतो. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागू झाली, तेव्हा हातावर पोट असलेली अनेक कुटुंबे डोक्यावर बोचकी घेऊन याच महामार्गाने पायी गावाकडे निघाली. दोन वेळच्या जेवणाची व्यवस्था समाजाने ठिकठिकाणी केली. समाजाला ते साधतेही. परंतु हाताला काम देणे ही निव्वळ दानाने साधणारी गोष्ट नव्हे. तेथे शासनाची धोरणे लागतात आणि धोरण आले की वादही येतो.

या वादाची महाराष्ट्राची परंपरा जुनी आणि अभिमानास्पद आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर परिसरात एक प्रयोग केला. काम मागणाऱ्याला त्याच्या परिसरातच काम द्यावे आणि त्या कामातून जमीन व पाणी सुधारावे, ही त्यामागची कल्पना होती. 1972 च्या दुष्काळाने या कल्पनेची कठोर परीक्षा घेतली. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. खडी फोडणारे ते हात मराठी साहित्यात आणि घराघरांतील आठवणींत आजही आहेत. पुढे 1977 मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला.

या कायद्याचा एक पैलू मध्यमवर्गीय कुटुंबांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. हमीसाठी पैसा उभा करण्याकरिता 1975 मध्ये व्यवसाय कर लावण्यात आला. पगारपत्रकावर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये अशी जी वजावट दिसते, तिचे मूळ येथे आहे. नगरातील नोकरदाराने खेड्यातील मजुराच्या घामाचा मोबदला उचलावा, असा हा करार होता. दुष्काळाचे चटके न बसलेल्यांनी चटके बसलेल्यांचा भार वाटून घेणे, यालाच समाजाची एकात्मता म्हणतात. तो कर भरताना कोणी जात विचारली नाही, पक्षही विचारला नाही.

योजनेत दोष नव्हते असे नाही. खोटे हजेरीपट भरले गेले, पहिल्याच पावसात वाहून जाणारे रस्ते झाले, मजुरी महिनोन्महिने रखडली. मात्र त्याच योजनेतून पाझर तलाव झाले, विहिरी झाल्या आणि 1990 पासून तिला फळबाग लागवडीची जोड मिळाली. ज्या कामाने मागे काही टिकाऊ ठेवले, त्याने मजुराचे आणि गावाचेही भले केले. ज्याने काहीच ठेवले नाही, त्याने मजुराचे स्वाभिमान दुखावले आणि करदात्याचा विश्वास घालवला. दोषांवर बोट ठेवणारे आणि योजनेची पाठराखण करणारे, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते ते यामुळेच.

राष्ट्रीय पातळीवरही हाच वाद झडला. 2005 मध्ये ग्रामीण रोजगार हमीचे विधेयक संसदेच्या ज्या स्थायी समितीने तपासले, तिचे अध्यक्ष भारतीय जनता पक्षाचे कल्याणसिंह होते. पुढे 2015 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लोकसभेत हीच योजना काँग्रेसच्या अपयशाचे स्मारक असल्याची टीका केली. परंतु ती बंद केली नाही. 2020 च्या संकटात त्यांच्याच सरकारने तिच्यासाठी 40 हजार कोटींची वाढीव तरतूद केली. विरोधकांनी याला विसंगती म्हटले, समर्थकांनी व्यवहारदृष्टी म्हटले. उपाशी माणसाच्या दृष्टीने नावापेक्षा काम महत्त्वाचे होते. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने या योजनेची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात कामाचे दिवस 100 वरून 125 झाले, राज्यांवरील खर्चाचा वाटा वाढला आणि शेतीच्या हंगामात कामे थांबवण्याची मुभा आली. टिकाऊ मत्ता आणि शेतीला मजूर, हा सरकारचा युक्तिवाद; मागणीनुसार काम मिळण्याचा हक्क आकुंचित झाला, हा विरोधकांचा आक्षेप. दोन्ही बाजू गांभीर्याने ऐकाव्यात अशा आहेत.

परंतु या साऱ्या वादात घोडबंदरचा मजूर कोठे आहे?

मिरा-भाईंदर महानगरपालिका 28 फेब्रुवारी 2002 रोजी अस्तित्वात आली. काजूपाडा, माशाचा पाडा येथील वस्त्या आज महापालिका क्षेत्रात मोडतात. खाडी ओलांडून पुढे गेले की पालघर जिल्ह्यातील खेड्यांत मजुराला कायद्याने काम मागता येते; येथील पाड्यावरच्या मजुराला तेच मागता येत नाही, कारण तो नगरवासी ठरला. 2020 मध्ये लघुउद्योगांसाठी 3 लाख कोटींच्या कर्जाची हमी सरकारने घेतली. भाईंदरच्या स्टीलची भांडी घडवणाऱ्या कारखानदारांसारख्या उद्योजकांना ती उपयोगी पडणारी होती. फेरीवाल्यांना 10 हजार रुपयांच्या खेळत्या भांडवलाचे कर्ज देणारी स्वनिधी योजना आली. हे उपाय योग्यच होते. पण ज्याच्याकडे ना कारखाना, ना हातगाडी, ना शिधा मिळवण्यापुरते कागद, अशा बिगाऱ्यापर्यंत कर्ज पोहोचत नाही. त्याला कर्ज नको, काम हवे.

केरळने 2010 मध्ये आणि राजस्थानने 2022 मध्ये शहरांसाठी रोजगार हमीच्या योजना आखल्या. देशाला रोजगार हमीची वाट दाखवणाऱ्या महाराष्ट्राने या प्रश्नाचा विचार आघाडीवर राहून करायला हवा. करण्याजोगी कामे येथे ढिगाने आहेत. खाडीकाठची स्वच्छता, तलावांतील गाळ, नाल्यांची सफाई, डोंगरउतारावरील वृक्षसंगोपन, जुन्या किल्ल्याच्या परिसराची निगा, यांपैकी कोणतेही काम खड्डा खणून पुन्हा बुजवण्याच्या जातीचे नाही.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी 1965 मध्ये मुंबईतच एकात्म मानवदर्शन मांडताना, सक्षम असलेल्या प्रत्येकाला काम मिळणे ही अर्थव्यवस्थेची कसोटी मानली होती. योगायोग असा की विसापूरचा प्रयोगही त्याच वर्षीचा. वेगळ्या पक्षांचे, वेगळ्या वाटांचे दोन विचारवंत एकाच निष्कर्षाला आले. म्हणून कोणत्याही सरकारच्या योजनेला विचारावयाचे प्रश्न दोनच. काम संपल्यावर मागे काय उरले? आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाचे नाव हजेरीपटावर आले का? ज्या दिवशी काजूपाड्यावरचा मजूर या दुसऱ्या प्रश्नाला होकार देईल, त्या दिवशी पगारपत्रकावरील त्या 200 रुपयांचे सार्थक झाले, असे म्हणता येईल.