गृहपाठ कुणाबरोबर करायचा?

(आपल्या मंचाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचं संपादित रूप.)



गणितावर भाषण आहे म्हटल्यावर दोघं-तिघं चहाच्या निमित्ताने बाहेर सटकलेले मी पाहिले. त्यांना आत बोलवा, समीकरणं नाहीत. मी एका कागदाबद्दल बोलणार आहे. इथल्या कॉलेजांत सत्राच्या पहिल्या दिवशी प्राध्यापक मुलांच्या हातात जो देतो, तो सिलॅबस. आपल्याकडे सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी. इथे तो जवळजवळ करारनामाच असतो. हजेरी किती, उशिरा दिलेल्या गृहपाठाचे गुण किती कापणार, कॉपी कशाला म्हणायचं, शंका विचारायला कधी यायचं, सगळं त्यात लिहिलेलं.

माझी दिवसाची नोकरी प्रयोगशाळेतली. पण काही वर्षं मी संध्याकाळी एका कॉलेजात 'गणिताचा पाया' हा विषय शिकवतो. तर्क, संच, फलन, इंडक्शन, अनंत संच. तोवर मुलांनी गणित म्हणजे उत्तर काढणं एवढंच पाहिलेलं असतं. इथे पहिल्यांदा 'कशावरून?' असं विचारलं जातं. मी पहिल्या दिवशी एक उदाहरण देतो. कोणतीही संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात तीच संख्या मिळवा आणि वर ४१ मिळवा. शून्यापासून ३९ पर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्या येते. दहा-पंधरा करून पाहिल्यावर मुलं म्हणतात, सिद्ध झालं. मग ४० घालून पाहायचं. उत्तर १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१. चाळीस साक्षीदार खरं बोलले आणि एकेचाळिसाव्याने खटला पाडला! वर्गात शांतता पसरते, ती मला फार आवडते.

तर माझ्या पहिल्या सिलॅबसमध्ये दोन अपेक्षा ठळक होत्या. वर्गातल्या एका तासामागे घरी निदान दोन तास अभ्यास. हे माझ्या मनचं नाही, केंद्र सरकारची क्रेडिटची व्याख्याच तशी आहे. आणि दुसरी: गृहपाठ पूर्णपणे एकट्याने करावा, चर्चा करू नये.

हा दुसरा नियम मला फार उदात्त वाटायचा. त्याला परंपराही मोठी आहे. टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला, रॉबर्ट ली मूर नावाचे गणिती होते. त्यांच्या वर्गात पुस्तक बंद, आपसात बोलणं बंद. ते गृहीतकं आणि प्रमेयं सांगणार, सिद्धता ज्याची त्याने शोधायची आणि फळ्यावर मांडायची. पहिली संधी वर्गातल्या सर्वांत कच्च्या विद्यार्थ्याला. ज्याला दुसऱ्याची सिद्धता ऐकायची नसेल, स्वतःच शोधायची असेल, त्याने खुशाल बाहेर जावं. या पद्धतीतून पन्नास डॉक्टरेट झाले. मेरी एलन रुडिन, बिंग, वाइल्डर अशी मोठी नावं त्यात आहेत. 'मूर पद्धत' आजही शिकवली जाते, आणि पद्धत म्हणून तिच्यात दम आहे हे मी मान्य करतो.

पण हेच मूर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वर्गात घेत नसत. व्हिव्हियन मेलोन-मेज ही टेक्सासमधल्या वेको गावची मुलगी. १९६१ साली तिच्याच गावातल्या बेलर विद्यापीठाने वर्णामुळे तिला प्रवेश नाकारला. ती ऑस्टिनला गेली, तर मूर यांच्या वर्गाचं दार बंद. शिकवण्याचं सहायकपदही मिळेना. तिने पुढे जे लिहिलं त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. वर्ग सुटल्यावर मंडळी जवळच्या कॉफीच्या दुकानात बसून गणितावर बोलत. त्या दुकानात कृष्णवर्णीयांना कॉफी देत नसत. म्हणजे विद्यापीठाचा प्रवेश मिळाला, पण टेबलाचा नाही. चवदार तळ्याचा इतिहास माहीत असलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. १९६६ साली तिने डॉक्टरेट मिळवली, आणि त्याच वर्षी बेलरने तिला प्राध्यापक म्हणून घेतलं. मूर यांच्या नावाची ऑस्टिनमध्ये एक इमारत होती. २०२० साली विद्यापीठाने ते नाव काढून टाकलं.

आता कॉफीच्या टेबलावर एवढं काय असतं? याचं उत्तर यूरी ट्राइझमन यांनी शोधलं. सत्तरच्या दशकात बर्कलीला कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं मोठ्या संख्येने नापास होत होती. जिद्द कमी, शाळेतली तयारी कमी, घरी पाठिंबा नाही, गरिबी, अशी कारणं सगळेच तोंडपाठ सांगायचे. (आपल्याकडच्या राखीव जागांच्या वादात ऐकलीत ना?) ट्राइझमन यांनी वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी-अमेरिकन मुलांचा अभ्यास प्रत्यक्ष त्यांच्या मागे राहून पाहिला. चारही कारणं टिकली नाहीत. कृष्णवर्णीय मुलं नेमाने, प्रामाणिकपणे आठवड्याला सहा-आठ तास अभ्यास करत होती, पण एकटी. चिनी मुलं आधी एकटी बसत आणि मग संध्याकाळी एकत्र जमत. कधी मिळून स्वयंपाक करत, जेवत, गृहपाठ पडताळत. सगळ्यांनाच एखादं गणित अडलं तर त्यांना कळायचं की गणितच अवघड आहे. एकट्या बसलेल्याला वाटायचं, आपणच मठ्ठ. १९७८ पासून ट्राइझमन यांनी मुलांना एकत्र बसवलं. सोप्या उजळणीला नाही, मुद्दाम कठीण गणितांना. निकाल लक्षणीय सुधारले. हे ट्राइझमन पुढे ऑस्टिनलाच प्राध्यापक म्हणून गेले, हा योगायोग मला गमतीचा वाटतो.

हे वाचलं आणि मला आमचं २००१ सालचं अपार्टमेंट आठवलं. आम्ही पाच देशी पोरं, एक कुकर, एक डगमगतं टेबल. डाळीच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत रिअल अॅनालिसिसचं निदान एक गणित सुटलेलं असायचं. आधीच्या बॅचच्या वह्या होत्या. कोणत्या प्राध्यापकाला कशी भाषा आवडते हे सांगणारे सीनियर होते. त्या टेबलावर मी पास झालो, आणि पुढची पंधरा वर्षं सगळ्यांना सांगत आलो की मी गुणवत्तेवर आलो.

आणि सिलॅबस लिहायची वेळ आल्यावर मी काय लिहिलं? एकट्याने करावा!

त्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. रात्री गोदामात काम, दिवसा झोप, संध्याकाळी वर्ग. तिचा गृहपाठ वेळेवर यायचा, अर्धवट, खाडाखोडीने भरलेला. होस्टेलवरच्या सहाजणांचे पेपर मात्र एकमेकांशी संशय यावा इतके जुळायचे. ती पोरं एकत्र बसतात हे मला कळत होतं. सिद्धता सुबक होत्या म्हणून मी काणाडोळा केला. सत्राच्या शेवटी ती ऑफिसात आली आणि म्हणाली, "प्रोफेसर, बाकीचे हे कुठे शिकतात?" माझा नियम वर्गात पाळला तो तिने एकटीने, आणि नापास झाली तीच.

पुढच्या सत्रात मी तो नियम बदलला. चर्चा कुणाशीही करा. लिहायला बसाल तेव्हा कागदं मिटा आणि एकट्याने लिहा. कुणाशी बोललात त्यांची नावं वर लिहा. तेवढ्याने भागलं नाही, कारण काही जण त्या ओळीत दर आठवड्याला 'कुणीही नाही' असं लिहीत. म्हणून आता आठवड्यातला एक तास वर्गातच गटांत बसायचं, आणि गट मी पाडतो. कुरकूर होते. अलीकडे त्या नावांच्या ओळीत 'चॅटजीपीटी'च सर्वांत जास्त दिसतं. त्याची कॉफी पिता येत नाही, पण रात्रपाळी करणाऱ्याला पहाटे तीनला तेच जागं सापडतं, हेही खरं. त्याचं काय करायचं हे माझं अजून ठरलेलं नाही.

आता आपल्या घरचं. २०२३ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने कॉलेजप्रवेशात वंशाचा विचार करणं बंद केलं, तेव्हा आपल्या ईमेलगटावर 'अखेर गुणवत्तेला न्याय' अशा अर्थाची किती पत्रं आली ते आठवा. त्याच आठवड्यात आपल्या मुलांचा शनिवारचा गणितवर्ग भरला होता. मी स्वतः शिकवायला होतो. आठवीची अकरा मुलं, सगळी आपल्याच ओळखीची, सार्वजनिक लायब्ररीची खोली, आणि दाराला आतून कडी. काचेतून बाहेरच्या टेबलावर एकटं गणित करत बसलेलं एक पोर दिसत होतं. आपल्यापैकी कुणीही उठलं नाही. मीही नाही.

येत्या महिन्यापासून तो वर्ग बाहेरच्या मोठ्या टेबलावर भरवायचा, शनिवारी दोन ते पाच, जे येतील त्यांच्यासाठी, असा प्रस्ताव मी समितीपुढे ठेवला आहे. लायब्ररीची हरकत नाही. दोन पालकांनी मुलांचा वेग कमी होईल म्हणून आक्षेप घेतला आहे. त्यांच्याशी मी आज चहाच्या वेळी बोलणार आहे. शिकवायला निदान चार जण लागतील. वही मागच्या खिडकीपाशी ठेवली आहे.