मास्तर दारापर्यंत का जायचे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल. संगणकावर फोटोचं काम करताना चित्र जवळ कसं आणायचं, लांब कसं न्यायचं, त्यात इकडून तिकडे कसं फिरायचं आणि त्यासाठी कळफलकावरच्या कोणत्या कळा दाबायच्या, एवढाच तो विषय. पण या चार-पाच कळांची सवय मला वेळेवर लागली असती, तर एका घराची माफी मागायची पाळी माझ्यावर आली नसती. म्हणून आधी ती हकिगत सांगतो, मग कळांकडे वळतो.

मी तालुक्याच्या गावी एका फोटो स्टुडिओत टचिंगचं काम शिकलो. तेव्हा आमच्याकडे संगणक नव्हता. मास्तर उतरत्या डेस्कवर निगेटिव्ह लावत. खालून आरशानं उजेड पाडलेला, डोळ्यापुढे भिंग आणि हातात सुईसारखी टोक काढलेली पेन्सिल. प्रिंटवरचे पांढरे ठिपके ते बारीक ब्रशनं भरत. त्यांची एक सवय होती. पाच-दहा मिनिटं काम झालं की प्रिंट उभी करून ठेवायची, उठून दारापर्यंत जायचं आणि तिथून वळून फोटोकडे पाहायचं. आम्ही पोरं हसायचो. आम्हाला वाटे, मास्तरांना बाहेरचा चहा खुणावतोय.

पुढे संगणक आला. 2003 साली माझ्यापुढे फोटोशॉपची सातवी आवृत्ती होती. डाग पुसणारा हीलिंग ब्रश त्यात नव्यानेच आला होता आणि मी त्याच्या प्रेमात पडलो होतो. अशात एके दिवशी दोघे भाऊ आले. आई गेली होती. तेराव्याला हार घालायला फोटो हवा होता आणि घरात तिचा एकच फोटो, जत्रेत काढलेला, कृष्णधवल, चार बाय सहा इंचांचा. त्यावर बुरशीचे काळे ठिपके पडलेले. तो बारा बाय अठराचा करून द्यायचा होता.

रात्रभर बसलो. फोटो सहाशे टक्के मोठा केला आणि एकेक ठिपका टिपत गेलो. सकाळी चेहरा आरशासारखा लखलखीत. दोघे भाऊ आले, बराच वेळ बघत राहिले. मग थोरला हळूच म्हणाला, "भाऊ, काम लई बेस झालंय. पण ही आमची आई न्हाई."

मला कळेना. तेव्हा त्यानं आपल्या कपाळावर बोट ठेवलं, मग हनुवटीवर. त्यांच्या आईच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होतं. बुरशीचे डाग समजून मी तेही पुसून टाकलं होतं.

वर आणखी एक शहाणपणा केला होता. स्कॅनच्या मूळ फाईलवरच काम करून ती त्याच नावानं सेव्ह केली होती. जुना फोटो माझ्या ड्रॉवरमध्येच होता, म्हणून निभावलं. पुन्हा स्कॅन केला, पुन्हा बसलो आणि तेराव्याच्या आदल्या संध्याकाळी गोंदणासकट आई त्यांच्या हाती दिली. पैसे घ्यायचं धाडस झालं नाही.

चूक कुठे झाली, याचा मी नंतर हिशेब मांडला. चार बाय सहाचा फोटो इंचाला सहाशे ठिपके या मापानं स्कॅन केला, तर 2400 गुणिले 3600, म्हणजे 86 लाख 40 हजार पिक्सेल होतात. माझा मॉनिटर होता 1024 गुणिले 768 चा. सहाशे टक्क्यांवर फोटोचा एक पिक्सेल पडद्यावरचे छत्तीस ठिपके व्यापतो. म्हणजे फोटोचा जेमतेम चारशेवा भाग माझ्यापुढे होता. मूळ फोटोतली रुंदीला सात मिलिमीटर जागा, चिंचोक्याच्या निम्म्याएवढी. तेवढ्यात चेहरा दिसतच नाही. दिसतात नुसते काळे-करडे चौकोन, आणि त्या चौकोनांत बुरशी कोणती आणि गोंदण कोणतं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ते कळायला लांब जावं लागतं. मास्तर दारापर्यंत का जायचे, ते मला त्या दिवशी उमगलं.

आता कळा. कागद-पेन्सिल घेऊन बसला असाल तर लिहून घ्या. मी विंडोजवरच्या फोटोशॉपच्या कळा सांगतो. मॅकिंतोश वापरणाऱ्यांनी कंट्रोलच्या जागी कमांड समजावं.

कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबलं की चित्र जवळ येतं. कंट्रोल आणि उण्याचं चिन्ह दाबलं की लांब जातं. कंट्रोल आणि शून्य दाबलं की कितीही खोल गेला असलात, तरी अख्खं चित्र पडद्यात मावून समोर येतं. माझ्या लेखी ही सगळ्यांत मोलाची कळ. मास्तरांना दारापर्यंत सात-आठ पावलं जावं लागे, इथे दोन बोटांत काम होतं. आणि कंट्रोल आणि एक दाबलं की चित्र बरोबर शंभर टक्क्यांवर येतं. जुन्या आवृत्त्यांत यासाठी कंट्रोल, ऑल्ट आणि शून्य अशा तीन कळा होत्या.

शंभर टक्के म्हणजे फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका ठिपक्यावर. फोटो धारदार आहे की भुरकट, याचा खरा निवाडा इथेच होतो. तेहतीस किंवा सहासष्ट टक्क्यांवर संगणक पिक्सेलांची सरासरी काढून दाखवतो, त्यावर विसंबू नये. एक गैरसमजही इथेच दूर करतो. चित्र जवळ आणलं म्हणजे फोटो मोठा झाला, असं नव्यानं शिकणाऱ्यांना वाटतं. तसं नाही. फोटो आहे तेवढाच राहतो, फक्त आपला डोळा पुढे-मागे होतो. फोटोचा आकार बदलायची आज्ञा वेगळी असते.

आता फिरण्याविषयी. जवळ गेल्यावर पडद्याच्या कडेच्या पट्ट्या माऊसनं ओढत बसू नका. स्पेसबार दाबून धरा. हातातलं हत्यार कोणतंही असो, कर्सरचा पंजा होतो आणि टेबलावरचा कागद सरकवावा तसं चित्र सरकवता येतं. स्पेसबार सोडला की ब्रश पुन्हा हातात. फक्त मजकूर टाइप करत असताना ही युक्ती चालत नाही, तिथे नुसती मोकळी जागा उमटते. ऑल्ट दाबून धरून माऊसचं चाक फिरवलं तरी चित्र जवळ-लांब होतं. 2008 च्या सीएस-फोर आवृत्तीपासून आणखी एक सोय झाली. जवळ असताना एच हे अक्षर दाबून धरायचं आणि माऊसचं बटण दाबायचं. क्षणभर अख्खं चित्र दिसतं, त्यावर एक चौकट येते. ती हव्या त्या जागी नेऊन बटण सोडलं की आपण थेट तिथे उतरतो. घार आकाशात जाऊन दुसऱ्या शेतात उतरावी तसं.

शेवटची तपासणी मी शेत नांगरल्यासारखी करतो. शंभर टक्क्यांवर यायचं आणि होम ही कळ दाबायची, म्हणजे डावा वरचा कोपरा येतो. मग पेज डाउन दाबत एकेक पडदा खाली. तळ आला की कंट्रोल आणि पेज डाउन, म्हणजे एक पडदा उजवीकडे. मग पेज अप दाबत वर. असं तास घालत गेलं की एकही कोपरा सुटत नाही.

सगळ्यांनाच फोटोशॉप परवडत नाही. गिंप हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. 1995 साली बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस यांनी त्याचा आरंभ केला. त्यात नुसता एक आकडा दाबला की शंभर टक्के, आणि शिफ्ट, कंट्रोल व जे दाबलं की पूर्ण चित्र. तिथेही स्पेसबार दाबून चित्र सरकवता येतं.

गंमत अशी, की फोटोशॉपचं मूळही अंधाऱ्या खोलीतच आहे. 1987 साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात संशोधन करताना थॉमस नोल यांनी ते लिहायला घेतलं आणि भाऊ जॉन यांच्या साथीनं वाढवलं. 1990 मध्ये ते बाजारात आलं. त्यांच्या वडिलांना छायाचित्रणाचा नाद होता आणि घराच्या तळघरात त्यांची डार्करूम होती. त्या हत्यारांच्या पट्टीवर भिंग आणि पंजा शेजारी शेजारी दिसले, की मला आमच्या मास्तरांचं डेस्क आठवतं.

आता जुना फोटो एका बटणात स्वच्छ करून देणारी साधनं आली आहेत. मीही ती वापरतो. पण गोंदण कोणतं आणि बुरशी कोणती, हे त्या यंत्रानं ठरवून टाकण्याआधी माणसानं पाहायला हवं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी तीनच नियम सांगतो. मूळ फाईलला हात लावायचा नाही, नक्कल करून तिच्यावर काम करायचं. दहा फटकारे झाले की कंट्रोल शून्य. आणि चेहऱ्यावरचा कुठलाही डाग पुसण्यापूर्वी घरच्यांना विचारायचं, "हा डाग आहे, की त्यांचाच आहे?"

परवा एक मुलगा म्हणाला, "सर, सारखं सारखं लांब जाऊन काय बघता?" मी त्याला मास्तरांची गोष्ट सांगितली. तो हसला नाही. त्यानं कंट्रोल शून्य दाबलं आणि खुर्ची थोडी मागे सरकवली.