पेट्रोलच्या दरातील राज्याचा वाटा



पेट्रोल पंपावर दराचे आकडे बदलले की गावोगावी एकच प्रश्न निघतो : हा पैसा नेमका जातो कोठे? ग्रामपंचायतीच्या सदस्यास, शिक्षकास आणि शासकीय सेवकास या प्रश्नाचे उत्तर देता आले पाहिजे. कारण लोक विचारतात ते त्यांनाच.

पंपावरील दराचे मुख्य घटक चार आहेत. तेल कंपनीचा वाहतुकीसह दर, केंद्राचे उत्पादन शुल्क, पंपचालकाचे कमिशन आणि राज्याचा मूल्यवर्धित कर. दिनांक 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा कच्चे तेल, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू व विमानाचे इंधन या पाच वस्तूंवर तो आकारण्यात आला नाही. त्यामुळे इंधनावरील विक्रीकराचा दर ठरविण्याचा अधिकार राज्यांकडे राहिला. ज्या थोड्या करांचे दर राज्यास स्वतःच्या निर्णयाने ठरविता येतात, त्यांपैकी हा एक प्रमुख कर होय.

महाराष्ट्रात पेट्रोलवरील कराचे दोन भाग आहेत. एक टक्केवारीचा, दुसरा प्रतिलिटर ठराविक रकमेचा. जुलै 2024 पासून मुंबई, ठाणे व नवी मुंबई येथील पेट्रोलवरील दर 26 वरून 25 टक्के आणि डिझेलवरील दर 24 वरून 21 टक्के करण्यात आला. त्यायोगे या शहरांतील दर उर्वरित राज्याच्या बरोबरीस आले. पेट्रोलवर याखेरीज लिटरमागे 5 रुपये 12 पैसे होतेच.

टक्केवारीच्या कराचे वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. तो केंद्रीय शुल्कासह होणाऱ्या किमतीवर बसतो. समजा, मूळ किंमत 4 रुपयांनी वाढली, तर 25 टक्क्यांनी कर 1 रुपयाने वाढतो आणि वाहनचालकास 5 रुपये अधिक मोजावे लागतात. किंमत उतरली म्हणजे हाच नियम उलट चालतो. मे 2022 मध्ये केंद्राने पेट्रोलवरील शुल्क 8 रुपयांनी व डिझेलवरील 6 रुपयांनी कमी केले. त्यानंतर राज्याच्या करात 2 रुपये 8 पैसे आणि 1 रुपया 44 पैसे घट झाल्याचे जाहीर झाले. 8 रुपयांचे 26 टक्के आणि 6 रुपयांचे 24 टक्के काढून पाहिले, तर नेमके हेच आकडे येतात. अर्थात ही घट दर न बदलता, हिशेबानेच झाली होती. जुलै 2022 मधील निर्णय मात्र निराळा होता. त्या वेळी राज्याने पेट्रोलवरील कर 5 रुपयांनी व डिझेलवरील 3 रुपयांनी कमी केला. त्यासाठी तिजोरीवर वर्षाकाठी सुमारे 6,000 कोटी रुपयांचा भार पडेल, असे सांगण्यात आले होते.

येथेच खरा पेच आहे. डिझेल महागले की ट्रॅक्टरची नांगरट महागते, बाजारात जाणाऱ्या भाजीचे भाडे वाढते. त्याचा चटका पेट्रोलची गाडी नसलेल्या मजुरासही बसतो. उलटपक्षी याच करातून येणारा पैसा रस्ते, शाळा व दवाखाने यांस लागतो. कर कमी केला तर ती तूट अन्य मार्गाने भरून काढावी लागते, अथवा काही कामे लांबणीवर टाकावी लागतात. शेजारच्या राज्याचा विचारही सुटत नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये गोव्याने आपला कर लिटरमागे 7 रुपयांनी उतरविला. सीमेपलीकडे इंधन स्वस्त असले, की सिंधुदुर्गातून पलीकडे जाणारा चालक टाकी तिकडेच भरतो. तो कर त्या राज्यास मिळतो आणि अलीकडील पंपचालकाचे गिऱ्हाईक जाते.

एकाच राज्यात दोन गावांचे दर भिन्न का, असेही विचारले जाते. कर समान असला तरी डेपोपासूनचे अंतर समान नसते. टँकरचे भाडे दरात येते आणि टक्केवारीचा कर त्यावरही बसतो.

यास्तव दर वाढला की केवळ एकाकडे बोट दाखविणे, अथवा दर उतरला की केवळ एकाचे आभार मानणे, दोन्ही अपुरे होय. शाळेतील टक्केवारीच्या पाठात हा हिशेब घालावा, ग्रामसभेत तो फळ्यावर मांडावा. आपण भरलेल्या प्रत्येक लिटरमागे कोणास किती मिळाले हे ज्या नागरिकास कळते, तोच त्या पैशाचे काय झाले हेही अधिकाराने विचारू शकतो.