हजारापर्यंत भागून पाहिलं



आयोजकांनी मला "आयटीतलं काहीतरी सांग" असं म्हटलं होतं. त्याऐवजी मी नववीतली एक थाप कबूल करणार आहे. गणिताचे सर समोरच बसलेत, तेव्हा आत्ताच उरकून घेते.

ऑफ तासाला सरांनी फळ्यावर 3 लिहिला होता. एक वजा करा, वर्ग करा, एक मिळवा: 5. पुन्हा तेच केलं की 17, मग 257, मग 65537. सगळ्या मूळ संख्या. मी हात वर करून म्हटलं, "पुढचीही मूळच असणार." सर म्हणाले, "बघ की भागून." पुढची होती 4294967297.

घरी वहीची पानंच्या पानं भरली. 2, 3, 5 चा प्रश्नच नव्हता. 7, 11, 13 करत 199 पर्यंत आले. एकानेही भाग जाईना. तेवढ्यात टीव्हीवर सिनेमा सुरू झाला. सोमवारी ठोकून दिलं, "हजारापर्यंत भागून पाहिलं सर, मूळच आहे." सर नुसतं "बरं" म्हणाले.

इंजिनिअरिंगला असताना लायब्ररीतल्या एका पुस्तकात वाचलं, की ही संख्या म्हणजे 641 गुणिले 6700417. पोटात गोळाच आला. हजारापर्यंत खरंच गेले असते, तर 641 वाटेतच भेटला असता. म्हणजे सरांना सोमवारीच कळलं होतं.

फर्माही इथेच फसला होता, एवढंच समाधान. या साखळीतल्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात, असं त्याला 1640 मध्ये वाटत होतं. ऑयलरने 1732 मध्ये ते मोडलं, तेही डोकं वापरून. या संख्येचा मूळ विभाजक 64 च्या पटीपेक्षा एकाने मोठाच असावा लागतो. म्हणजे तपासायच्या फक्त 193, 257, 449, 577 आणि 641. पाचव्या भागाकाराला काम फत्ते! माझ्या 43 भागाकारांपैकी कामाचा एकच, 193 चा. (641 म्हणजे 5 × 128 + 1, आणि 625 + 16 सुद्धा. यावरून भागाकार न करताही सिद्धता होते. हवी त्याने चहाच्या वेळी मला गाठावं.) 65537 च्या पुढे या साखळीत आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही.

पहिल्या नोकरीत हाच आकडा पुन्हा आडवा आला. 32 बिटांच्या खणात 4294967295 पर्यंतच मावतं. 4294967297 ठेवायला जाल तर तिथे 1 उरतो. माझ्या प्रोग्रॅममधली एक बेरीज अशीच गुंडाळली गेली आणि ग्राहकाच्या अहवालात भलताच आकडा छापला गेला. साहेबांनी विचारलं, "मोठ्या आकड्यांवर तपासलं होतंस?" तोंडावर "हो" आलं होतं. पण सरांचं ते "बरं" आठवलं आणि "नाही" म्हटलं. बोलणी खाल्ली, दोन रात्री जागून दुरुस्त केलं.

तर सर, 199 पर्यंतच केलं होतं. तुम्ही तेव्हा काहीच का बोलला नाहीत, ते जेवताना विचारणार आहे.