मृतांच्या गर्दीतले वीर



परवा सिल्वासाच्या आमच्या शाळेत एका विद्यार्थ्याच्या बाकात एक इंग्रजी कादंबरी सापडली. शिक्षकाच्या सवयीने मी ती जप्त केली आणि शिक्षकाच्याच दुसऱ्या सवयीने रात्री वाचून काढली. पीटर क्लाइन्स या अमेरिकन लेखकाची ‘एक्स-हीरोज’ ही पहिलीच कादंबरी. ती २०१० साली प्रसिद्ध झाली.

कथानक असे : एका साथीने मेलेली माणसे उठून चालू लागतात आणि जिवंतांना खाऊ लागतात. लॉस एंजेलिस शहरातील एका चित्रपट-स्टुडिओच्या भिंतीआड वाचलेली माणसे आश्रय घेतात. त्यांचे रक्षण करणारे काही अतिमानवी वीर आहेत. कोणी आग ओकतो, कोणी पोलादी चिलखत चढवून लढतो. पूर्वी हे वीर गुन्हेगारांना धाक घालीत. आता ते वेशीचे पहारेकरी झाले आहेत.

‘हे पोरकट आहे,’ असे म्हणून पुस्तक मिटणे सोपे होते. पण आपल्याच घरात डोकावले, तर हा मेळ आपल्याला नवा नाही. ‘वेताळपंचविशी’तला वेताळ प्रेतात शिरून बोलतो. तोच वेताळ कोकणात गावाचा राखणदार होतो. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चपला अर्पण करतात; कारण देव रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो, अशी श्रद्धा आहे. पुढे १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून ली फॉकचा ‘फँटम’ मराठीत आला, तोही ‘वेताळ’ हेच नाव घेऊन. भुतांचा स्वामी आणि दुबळ्यांचा कैवारी या दोघांना आपण एकाच नावाने हाक मारली. तेव्हा विद्यार्थ्याला हसण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

या कादंबरीचे मर्म मला एका गोष्टीत दिसले. काल खांद्याला खांदा लावून लढलेला वीरही मेल्यावर त्या गर्दीत सामील होतो. चेहरा तोच, पण ओळख नाही. ज्यांना वाचविण्याची प्रतिज्ञा केली, त्यांच्यावरच हात उचलावयाचा, ही त्या वीरांची खरी कसोटी आहे. तेथे बाहुबळ तोकडे पडते. शिवाय भिंतीबाहेर मृतांइतक्याच धोकादायक अशा जिवंत माणसांची टोळीही आहे.

आम्ही ख्रिस्ती लोक दर २ नोव्हेंबरला आपल्या मृतांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. मृतांच्या पुनरुत्थानावर आमची श्रद्धा आहे. म्हणून हे उठणारे मृत वाचताना मी थबकलो. शुभवर्तमानात येशू लाजरसला नावाने हाक मारून कबरीबाहेर बोलावतो. तेथे माणूस परत येतो. या कथांत केवळ देह परत येतो, त्याचे नाव मागेच राहते. दोहोंतील अंतर एवढेच, पण ते फार मोठे आहे.

आणि येथेच अशा साहित्याचा धोकाही आहे. समोरची गर्दी ‘माणसे नव्हेतच’ असे एकदा ठरले, की तिच्यावर घाव घालताना मन कचरत नाही. २०२० च्या साथीत आपण काय केले, ते आठवावे. खोकणाऱ्या शेजाऱ्याच्या दाराकडे पाहणे आपण टाळले. गावी परतणाऱ्या मजुरांसाठी कित्येक गावांनी वेशीवर काटेकुटे टाकून वाटा अडविल्या. रोगापासून अंतर राखणे शहाणपणाचेच होते. परंतु रोग्याचे नाव विसरणे शहाणपणाचे नव्हते. त्याच दिवसांत दारापाशी डबा ठेवून, दुरून नावाने हाक मारून विचारपूस करणारी माणसेही होती. त्यांच्यापाशी कसलीही दिव्य शक्ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी ते पुस्तक विद्यार्थ्याला परत केले. शिक्षा म्हणून एकच काम दिले : त्या गर्दीतला कोणताही एक मृत निवडावयाचा आणि तो जिवंत असताना कोण होता, त्याच्या घरी कोण वाट पाहत असेल, हे एक पानभर लिहून आणावयाचे.

त्याने दोन पाने लिहिली. त्यातल्या माणसाला त्याने आपल्या आजोबांचे नाव दिले होते.