उंबरावरचा जकातदार

बल्लारशाह स्थानकातून दक्षिणेकडे निघालेली गाडी काझीपेठमार्गे विजयवाडा गाठते. तिथून गुंटूर जवळच. याच गुंटूरला 31 जुलै 1842 रोजी हायर नावाचे लुथरन मिशनरी पोहोचले. वय 49, आणि शिकायची ती तेलुगू! त्या मुलखातली आंध्र इव्हँजेलिकल लुथरन मंडळी 1927 सालची. आपल्या बल्लारशाहकडच्या कोळसापट्ट्यात तेलुगू घरं कमी नाहीत, म्हणून आज लुथरन उपदेशाचा हा विषय.

लुथरन उपदेशाचं सूत्र मार्टिन लूथर यांचं: नियमशास्त्र माणसाला त्याची चूक दाखवतं, शुभवर्तमान त्याला येशूकडे नेतं. जक्कयची कथाच घ्या. लूकच्या शुभवर्तमानातल्या एकोणिसाव्या अध्यायातला हा बुटका, पैसेवाला जकातदार. गर्दीत येशू दिसेना, म्हणून उंबरावर चढला. येशूने त्याला नावाने हाक मारली आणि आज तुझ्याच घरी उतरणार, असं सांगितलं. लबाडीने घेतलेलं चौपट परत करण्याची भाषा जक्कयने केली ती त्यानंतर. लुथरन पाळक नेमका या क्रमावर बोट ठेवतो: आधी कृपा, मग सुधारणा. थकल्याभागल्या माणसाला आशा वाटते ती यामुळेच. आधी लायक ठरा आणि मग या, अशी अट नाही.

आणि रोजच्या वागण्याचं काय? त्यासाठी लूथर यांनी 1529 मध्ये छोटी प्रश्नोत्तरावली लिहिली. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना. घरच्या कर्त्याने मुलाबाळांना शिकवायची. कारण आदल्या वर्षी मंडळ्यांची पाहणी करताना कित्येक पाळकांनाच हे धड शिकवता येत नव्हतं, असं त्यांना आढळलं होतं!